आपत्कालीन परिचर्या : बीड जिल्हा

आपत्कालीन परिचर्या : भाजणे, अपघाती इजा, विषबाधा व सामूहिक दुर्घटना अशा प्रसंगी रुग्ण दाराशी आल्याक्षणी सुरू होणारी तातडीची शुश्रूषा, निरीक्षण आणि नोंद. निदान व औषधयोजना डॉक्टरांकडे असते. मात्र श्वासमार्ग मोकळा ठेवणे, शीर मिळवून सलाईन लावणे, ठरावीक अंतराने नाडी, रक्तदाब व शुद्ध तपासणे आणि बिघाड सर्वांत आधी ओळखणे ही कामे परिचारिकेची. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी : जिल्ह्यात ११ तालुके आहेत. रुग्णाचा प्रवास बहुधा उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि तेथून बीडचे जिल्हा रुग्णालय अथवा अंबाजोगाई असा होतो. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटावरील वाड्यांपासून ते फार दूर पडते. राज्यात २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांची १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तरीही इजा झाल्यापासून तज्ज्ञ उपचार मिळेपर्यंत जाणारा वेळ हाच येथील परिचर्येपुढील मुख्य प्रश्न आहे. परिणामी पहिल्या तासातील उपचार अनेकदा लहान रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या हातून होतात.

भाजणे : चूल, रॉकेल, गॅस, वीजवाहिन्या आणि साखर कारखान्यांतील वाफ व उकळता रस ही येथील प्रमुख कारणे. परळीजवळील वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात डिसेंबर २०१७ मध्ये गरम रसाची टाकी फुटून अनेक कामगार भाजले व त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. अशा वेळी भिजलेले कपडे, जोडवी, बांगड्या व करदोटा लगेच काढतात, कारण सूज आल्यावर ते रुततात. कातडीला चिकटलेले कापड ओढून न काढता भोवतीने कापतात. भाजलेला भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरतात. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई किंवा तेल लावत नाहीत. मोठ्या क्षेत्रावर भाजलेला रुग्ण, विशेषतः लहान मूल, गारठू नये म्हणून नंतर स्वच्छ कोरड्या चादरीत गुंडाळतात. आवाज घोगरा होणे, नाकातील केस जळणे, थुंकीत काजळी दिसणे ही श्वासमार्ग भाजल्याची चिन्हे होत. ती दिसताच घसा सुजून बंद होण्याआधी नळी घालण्याची तयारी करावी लागते.

क्षेत्र मोजण्यासाठी नऊचा नियम वापरतात : डोके ९%, प्रत्येक हात ९%, प्रत्येक पाय १८%, धडाची पुढची व मागची बाजू प्रत्येकी १८%, जननेंद्रिय १%. मुलांचे प्रमाण वेगळे असते. रुग्णाचा बोटांसह तळवा म्हणजे साधारण १%. नुसती लाली क्षेत्रात धरत नाहीत. पार्कलंड सूत्रानुसार दर किलो वजनास व दर टक्क्यास ४ मिलि. रिंगर लॅक्टेट पहिल्या २४ तासांत देतात. अलीकडे अनेक ठिकाणी २ मिलि.पासून सुरुवात करतात. ५० किलो वजनाची व्यक्ती ३०% भाजली, तर ४ मिलि.च्या हिशेबाने ६,००० मिलि. होतात. त्यांतील निम्मे पहिल्या ८ तासांत द्यायचे असतात, आणि हे ८ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजले जातात. रुग्ण तीन तासांनी पोहोचला, तर ३,००० मिलि. उरलेल्या पाच तासांत बसवावे लागतात. मात्रा योग्य आहे की नाही, हे लघवीवरून ठरते : प्रौढात तासाला दर किलोस निदान ०.५ मिलि.

अपघाती इजा : धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ गेवराई व बीडमधून जातो. गळीत हंगामात रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या असतात. तपासणीचा क्रम ठरलेला आहे : वाहता मोठा रक्तस्राव दाबून थांबवणे, मग मान स्थिर ठेवून श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे काढून संपूर्ण शरीर. शुद्धीसाठी १९७४ मध्ये मांडलेली ३ ते १५ गुणांची ग्लासगो श्रेणी वापरतात. एकाच आकड्यापेक्षा गुण उतरत चालले आहेत का, हे अधिक महत्त्वाचे. रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल तीन तासांच्या आत दिले तरच लाभ होतो. बीडचे खासदार व केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातानंतर मृत्यू झाला. त्यांच्या मानेला व यकृताला आतून इजा झाली होती. बाहेर जखम नाही म्हणून रुग्ण सुरक्षित आहे, असे परिचारिकेला धरून चालत नाही.

विषबाधा : कापूस व तुरीवरील फवारणीमुळे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांची बाधा येथे नित्याची. बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम, जुलाब, मंद नाडी व छातीत घरघर ही तिची लक्षणे. हातमोजे घालून कपडे काढतात आणि केस व नखांसह अंग साबणाने धुतात. मीठपाणी पाजून उलटी करवत नाहीत. ॲट्रोपीनची मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात. छाती कोरडी होणे हे ती पुरेशी झाल्याचे मुख्य लक्षण. बाहुल्या मोठ्या होणे हे नव्हे. मात्रा जास्त झाल्यास ताप व बडबड सुरू होते, लघवी तुंबते. सुधारलेल्या रुग्णात २४ ते ९६ तासांदरम्यान श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. त्यामुळे प्रत्येक पाळीत त्याला उशीवरून डोके उचलायला सांगतात. ते उचलता आले नाही, तर डॉक्टरांना तात्काळ बोलावतात. विष जाणूनबुजून घेतलेले असल्यास रुग्णाला एकटे ठेवत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. समुपदेशनासाठी १४४१६ हा टेलिमानस क्रमांक आहे.

सर्पदंश व विंचूदंश : नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिसर्पविष चालते. पहिली मात्रा साधारणतः १० कुप्यांची, मुलांनाही तेवढीच. ॲड्रेनॅलीन भरून हाताशी ठेवल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत २ मिलि. रक्त २० मिनिटे न हलवता ठेवले की हे कळते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते व दंशाची खूण जेमतेम दिसते. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबातील कोणी पहाटे पोटदुखी व जड पापण्यांची तक्रार घेऊन आला, तर मण्यारीचा संशय धरावा. आवळपट्टी व जखमेवर चिरा देणे घातक ठरते. तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देतात. हा उपचार मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे रूढ केला.

सामूहिक दुर्घटना : परळी वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि जिल्ह्याच्या सीमेलगतचा भगवानगड येथे मोठी गर्दी जमते. रुग्ण मनुष्यबळापेक्षा अधिक झाले की येईल त्या क्रमाने उपचार थांबवून प्राधान्य ठरवतात : तातडीच्या रुग्णांना लाल, थोडा थांबू शकणाऱ्यांना पिवळी, चालू शकणाऱ्यांना हिरवी व मृतांना काळी चिठ्ठी. श्वसन मिनिटाला ३० हून अधिक, नखातील रक्त परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ, किंवा साधी सूचना न पाळता येणे, यांपैकी एकही आढळले तर रुग्ण लाल गटात जातो. चिठ्ठी कायम नसते. वारंवार तपासून बदलावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीची घरे कोसळून हजारो लोक गाडले गेले. माळवदाची तशी घरे बीडमध्येही आहेत. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेला अवयव मोकळा करण्यापूर्वीच सलाईन सुरू करतात. अन्यथा स्नायूंतील पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकते. मृतांची ओळख व वाहतूक हाही नियोजनाचा भाग होय. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाई येथे कोविडने दगावलेल्यांचे २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून नेल्यावर ही उणीव उघड झाली.

नोंदी व कायदा : अशी बहुतेक प्रकरणे वैद्यकीय-न्यायिक असतात. कपडे व जठरातील द्रव मोहोरबंद ठेवून पोलिसांना देतात. भाजलेल्या रुग्णाचा मृत्युपूर्व जबाब भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २६ खाली ग्राह्य धरला जातो. जबाब घेताना नातेवाइकांना दूर ठेवले जाते. रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीत घटनेची व आगमनाची वेळ, दिलेले द्रव, ॲट्रोपीन व प्रतिसर्पविषाची मात्रा, लघवीचे प्रमाण आणि ग्लासगो गुण लिहितात. या आकड्यांविना पुढील रुग्णालयाला सलाईनचा दर ठरवता येत नाही आणि प्रतिसर्पविष पुन्हा द्यायचे की नाही, याचाही निर्णय करता येत नाही.