कोठडीतल्या शरीराची साक्ष

परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड झाली आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असलेले सोमनाथ सूर्यवंशी गेले. मारहाण झाली नाही असे त्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर सांगितले होते, असे मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र मृत्यूचे कारण आले : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. पुढे गुन्हा नोंदवा, हा आदेश मिळवायला सोमनाथ यांच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. तो आला जुलै २०२५ मध्ये.

ज्यांच्या ताब्यात पुन्हा जायचे आहे त्यांच्याविरुद्ध आरोपी तोंड उघडेल, ही अपेक्षाच आम्हाला क्रूर वाटते. म्हणून शरीराची साक्ष जिवंतपणीच नोंदली गेली पाहिजे. ही मागणी नवी नाही. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ महिला कैद्यांशी बोलणे केले. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निकाल दिला : आरोपीला छळाची तक्रार आहे का, हे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क त्याला सांगावा.

तो हक्क १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ५४ मध्ये होता. आरोपीने मागायचे आणि नोंदणीकृत डॉक्टरने तपासायचे. पण वकील नसलेल्या माणसाला कलम कोण सांगणार? शेजारच्याच कलम ५३ ने मात्र पोलिसांना बळ वापरूनही आरोपीची तपासणी करून घेता येत होती. पोलिसांना आपले कलम कुणी समजावून सांगावे लागले नाही.

मग डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली. २००९ च्या अखेरीस लागू झालेल्या दुरुस्तीने अटकेनंतरची तपासणी सक्तीची केली. हे चांगलेच झाले. पण त्याच दुरुस्तीने डॉक्टर बदलला : आधी सरकारी वैद्यकीय अधिकारी, तो नसेल तरच दुसरा. म्हणजे पकडणारे सरकार आणि तपासणारेही सरकार. स्वतंत्र तपासणीचा मुद्दा इथेच निसटला आणि आपल्या चळवळीतही त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्येही हीच रचना आहे. एक दार मात्र उघडे आहे : जखमांच्या खुणा आणि त्या कधी झाल्या असाव्यात, हे अहवालात लिहावे लागते आणि त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला द्यावी लागते. वस्तीतून पोरं उचलली की आपण जामिनाच्या मागे धावतो. ही प्रत त्याच दिवशी मागा, आणि जखमा लिहिलेल्या नसतील तर दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणीचा लेखी अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे ठेवा.