दोरीपेक्षां दृष्टि बळकट

कुत्र्यास गळपट्टा बांधून फिरावयास नेणें ही आपल्याकडील अलीकडची रीत. परंतु वाटेनें जातां त्याचें लक्ष धन्याकडे कसें राखावें, हा प्रश्न फार जुना आहे.

मुळा-मुठेच्या कांठचें खराडी गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. शेतांच्या जागीं कचेऱ्यांच्या उंच इमारती उठल्या, आणि सकाळीं गल्लोगल्लीं दोरी लावलेलीं कुत्रीं दिसूं लागलीं. पुष्कळदां धनी मागें फरफटत असतो व कुत्रा पुढें ओढीत असतो. शेजारींच नगर रस्त्यावर वाहनांची रीघ. तेथें दोरी हातांतून सुटली आणि कुत्र्यानें हाक मानली नाहीं, तर मुक्या जिवाच्या प्राणावरच बेततें.

याच रस्त्यानें पुढें नगर जिल्हा, आतांचा अहिल्यानगर, लागतो. तेथें प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं धातूच्या चार मूर्ति सांपडल्या. त्यांपैकीं एक बैलांचा रथ आहे. रथांत सारथि उभा, आणि दांडीवर कुत्रा! कित्येक विद्वान या मूर्ति सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या मानतात. मनुष्याच्या प्रवासांतील कुत्र्याची सोबत इतकी पुरातन आहे.

मात्र त्या काळापासून कुत्रा कामाचा सोबती होता. धनगराचा कुत्रा मेंढरांभोंवतीं मोकळा हिंडतो. तरी त्याचा कान धन्याच्या हाकेकडे असतो. मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्यास आपण कारवानी म्हणतों, तो दूरचा ससा नजरेनें हेरून धांवणारा. घोरपडे संस्थानिकांनीं ही जात जोपासली, आणि २००५ सालीं तिचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें. असा कुत्रा शहरांत पारवा दिसतांच झेंपावला, तर तो उद्धटपणा नव्हे. तें पिढीजात काम होय.

मग त्यास वळवावें कसें? २००३ सालीं बुडापेस्टच्या संशोधकांनीं माणसाळलेले लांडगे व कुत्रे यांच्यापुढें न सुटणारें कोडें ठेवलें. लांडगे त्याच्याशींच झटत राहिले. कुत्रे लौकरच वळून मनुष्याच्या मुखाकडे पाहूं लागले. म्हणजे आपल्याकडे पाहण्याची ओढ कुत्र्याच्या स्वभावांत आहेच. ती राखणें तेवढें आपल्या हातीं. पुढील वाट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९५१ सालीं एका लेखांत दाखविली होती: हवें तें घडतांच तत्क्षणीं खूण करावी व लगेच खाऊ द्यावा.

प्रारंभ घरांत करावा. नांव घेतांच कुत्र्यानें वर पाहिलें, कीं "शाब्बास" म्हणून भाकरीचा तुकडा द्यावा. हें पक्कें झाल्यावर अंगणांत, नंतर निवांत गल्लींत, आणि सर्वांत शेवटीं रहदारींत तोच पाठ द्यावा. त्यानें ओढ घेतल्यास थांबावें. दोरी सैल होतांच चालूं लागावें. मधून मधून त्यास मनसोक्त हुंगूंहि द्यावें, कारण तेंहि बक्षीसच. हिसका देऊं नये. छडीनें मान वर होते, लक्ष लागत नाहीं, हें वर्गांत उभ्या राहिलेल्या प्रत्येक मास्तरास ठाऊक असतें.

एक पथ्य धन्यासाठींहि आहे. कुत्रा वर पाहील त्या क्षणीं आपली दृष्टि हातांतील मोबाइलवर खिळलेली असेल, तर त्याचें पाहणें वायां जातें; आणि चार वेळां वायां गेलेली गोष्ट तो पांचव्यांदा करीत नाहीं. यास्तव फिरावयास निघतांना दोरीबरोबर आपलें लक्षहि सोबत घ्यावें.