तळटीप : पुलगावची आग आणि ‘दिल्लीच्या समित्या’

* नाचणगाव (ता. देवळी) पुलगावला अगदी लागून आहे. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार देशातले सर्वांत मोठे. ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली.

लेखक ज्यांना सरसकट ‘दिल्लीच्या समित्या’ म्हणतात, त्या दोन वेगळ्या समित्या आहेत. संरक्षणविषयक स्थायी समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. ती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारते. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब घेते, तोही महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून. लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल मे २०१५ मध्ये, म्हणजे आगीच्या वर्षभर आधी, संसदेत मांडला गेला होता. अग्निशमन साधने पुरेशी नसल्याने भांडारांना आगीचा धोका आहे, हे त्यात स्पष्ट नोंदवलेले होते. एवढा स्पष्ट इशारा वर्षभर हाताशी असणे ही गोष्ट साधी नाही, म्हणूनच ही टीप जरा लांबली.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र कोणती शिफारस मानली, कोणती नाही आणि का, याचे लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावे लागते. बैठका बंद दाराआड होत असल्या, तरी मंत्रालयाबाहेरच्या माणसांचीही साक्ष समितीला घेता येते; भांडाराच्या कुंपणालगतच्या गावांनी हे जाणून असावे.