वाड्याची नाडी कोण पाहणार? चांदवडचा रंगमहाल, वाळवी आणि घर-तपासणीचा इतिहास

१/ चांदवडच्या रंगमहालात शिरणाऱ्याची नजर आपसूक वर जाते. सागवानी खांबांवरील कोरीव काम आणि भिंतींवरील चित्रे ती खिळवून ठेवतात. या वास्तूचे आयुष्य मात्र खाली, खांब दगडावर टेकतो त्या वीतभर जागेत ठरते. जुन्या घराची ही जागा पूर्वी कोण तपासत असे, पुढे कोण तपासू लागले आणि त्यात काय हरवले, त्याविषयी हा धागा.

२/ चांदवड हे नाशिकच्या ईशान्येस, मुंबई-आग्रा मार्गावरील डोंगराच्या कुशीतले गाव. अठराव्या शतकात ते होळकरांचे महत्त्वाचे ठाणे होते; येथे त्यांची टांकसाळही होती. अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५-१७९५) नावाशी जोडलेला रंगमहाल आज राज्य संरक्षित स्मारक आहे. बाहेरून किल्ल्यासारखा दिसणारा हा वाडा आतून मुख्यतः लाकडाचा आहे.

३/ मराठी वाड्याची बांधणी समजली, की त्याचे दुखणेही समजते. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. मजल्यांचा भार बहुतांशी या लाकडी सांगाड्यावर असतो. मधल्या विटा-मातीच्या भिंती पुष्कळदा केवळ आडोसा देतात. म्हणून भिंतीला तडा गेला तरी वाडा तग धरतो. खांबाचा पाय गेला, तर मात्र वरचे सगळेच डळमळते.

४/ आणि या पायाशीच वाळवी येते. जमिनीत राहणाऱ्या वाळवीला ओल आणि अंधार हवा असतो. उजेड टाळण्यासाठी ती भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या रचत चढते आणि लाकूड आतून पोखरते, वरचा पापुद्रा मात्र शाबूत ठेवते. त्यामुळे रंगवलेला, गुळगुळीत दिसणारा खांब आतून पोकळ असू शकतो.

५/ जुन्या कारागिरांनी यावरचा उपाय बांधणीतच ठेवला होता. तळखड्यामुळे लाकूड मातीपासून वेगळे राही. दगड ओलांडून वर चढायचे, तर वाळवीला उघड्यावर नळी बांधावी लागे आणि ती डोळ्यांना दिसे. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये वाळवीला रोखतात. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र तितके टिकत नाही. म्हणूनच जुन्या, पक्व सागाला मोल होते. कडीपाट तर उघडाच असे. मान वर केली, की प्रत्येक कडी दिसे.

६/ ‘तपासणी’ असे वेगळे नाव त्या कामाला नव्हते, ते वर्षाच्या फेऱ्यातच येई. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारली जात. माळवदाच्या घरांवर नवी माती चढे. जमीन सारवताना घरातील बाईचा हात प्रत्येक कोपऱ्यातून फिरे, मातीची नवी नळी दिसली तर ती तिलाच आधी दिसे. दिवाळीच्या सफेदीला सामान हले आणि त्यामागची ओल उघडी पडे. गावचा सुतार बलुतेदार होता. त्याच्या बलुत्यात अवजारांबरोबर किरकोळ डागडुजीही येई. घर पाहणारे आणि घरात राहणारे यांच्यात फारसे अंतर नव्हते.

७/ राबता आटला, की ही नजरही हटते. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील प्रदेशावरील हक्क सोडले. चांदवडचे राजकीय महत्त्व ओसरले. मोठ्या वास्तूला शत्रूच्या तोफेइतकाच बंद खोलीचा धोका असतो, कारण बंद खोलीत वाळवीला कोणी अडवत नाही.

८/ पुढे घरात शिरणारा तपासनीस बदलला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली जाऊ लागली. पुण्यात वॉल्टर रँडच्या अधिपत्याखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडती घेतली. माजघर आणि देवघरही त्यातून सुटले नाही.

९/ या झडतीत जमिनी खणल्या गेल्या, भिंतींना चुना फासला गेला, सामान जाळले गेले. रोग घाण आणि कोंदट हवेतून पसरतो, ही त्यामागची समजूत. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत उंदरांवरील पिसवांचा धागा पकडला. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने त्याला भक्कम पुरावा दिला. रोगाचे मूळ उंदरांच्या बिळांत होते, झडती मात्र माणसांची चालली होती.

१०/ २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. साथ मात्र थांबली नाही. १८९९ मध्ये नाशिक जिल्ह्यातीलच भगूर येथे विनायक दामोदर सावरकरांचे वडील प्लेगने गेले. रोगाइतकाच खोल ठसा आणखी एका गोष्टीने उमटवला: तपासणी म्हणजे बाहेरून येणारी, अपमान करणारी, घर हिरावणारी सत्ता. १८९८ च्या मुंबई सुधार ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. शहराला हवा मिळाली, पण अनेकांचे छप्पर गेले.

११/ स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप पालटले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले. भाडी मात्र गोठली आणि मालकांचा दुरुस्तीतला रस संपत गेला. मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. आजही पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर होते. महानगरांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे.

१२/ चांदवडसारख्या गावी नगरपरिषद असते आणि पडायला आलेल्या बांधकामावर नोटीस बजावण्याचा अधिकार तिला १९६५ च्या कायद्याने दिला आहे. पण ही नोटीस आजाराच्या शेवटच्या टप्प्यावर येते. वाळवीची पहिली नळी आणि नोटीस यांच्यामध्ये कित्येक वर्षे जातात. त्या वर्षांत घर पाहायचे कोणी? वाटण्यांमध्ये दहा नावे सातबाऱ्यासारखी एका वाड्यावर चढलेली असतात. त्यातले आठ जण पुण्या-मुंबईला असतात. कोपऱ्याची खोली वर्षभर कुलूपबंद असते.

१३/ उरलेले काम चुकीची दुरुस्ती करते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, की आतली ओल कोंडते आणि ती लाकडाकडे सरकते. फरशी उंचावताना तळखडा गाडला गेला, तर वाळवीला आडून वाट मिळते. कडीपाटाखाली खोटे छत बसवले, की तो दिसेनासा होतो. पूर्वी वाळवीवर सर्रास वापरली जाणारी आल्ड्रिन, क्लोरडेनसारखी रसायने २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्याच यादीत आली, कारण ती माती आणि शरीरात दीर्घकाळ साठून राहतात. औषध फवारले, तरी ओलीचे कारण राहिले तर वाळवी परतते.

१४/ चांगली तपासणी मुळात साधी असते. खांबावर हातोडीच्या दांड्याने ठोकायचे आणि बद्द आवाज कुठे येतो ते ऐकायचे. टोच्याने लाकूड किती आत जाते ते पाहायचे. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक, न्हाणीघरालगतची भिंत, पन्हळीखालची जागा आधी पाहायची. पोखरलेला तुकडा काढून तेवढ्यापुरते नवे लाकूड जोडता येते. कुसवांनी जोडलेला सांगाडा तशी सोय ठेवतो. एक खांब खराब निघाला म्हणून अख्खा वाडा पाडावा लागत नाही. हे वेळेवर सांगणारा माणूस मात्र लागतो.

१५/ प्लेगच्या झडतीने घराला आरोपी केले, धोकादायक इमारतीच्या नोटिशीने त्याला निकाल सुनावला. सारवणारा हात आणि गावचा सुतार घराची नुसती विचारपूस करत. राज्य संरक्षित असल्याने रंगमहालाची विचारपूस शासन करू शकते. त्याच्या आसपासच्या साध्या वाड्यांची ती त्यांच्या मालकांनाच करावी लागेल. चांदवडला जाणाऱ्यांनी नक्षी जरूर पाहावी. मग क्षणभर खाली वाकून खांबाचा पायही पाहावा.