कमरेचा संसार: महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याजवळील वस्तू

शिवलेला खिसा रूढ होण्यापूर्वी महाड आणि पोलादपूर परिसरातील शेतकऱ्याची नित्याची साधने त्याच्या कमरेभोवती असत. त्यांत कोयता अग्रस्थानी होता; तो कमरेच्या दोरीला पाठीमागे बांधलेल्या आकडीत, म्हणजे लाकडी अडकणात, लटकवला जाई, त्यामुळे चढणीवर दोन्ही हात मोकळे राहत आणि राबासाठी, म्हणजे भात-नाचणीच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, झाडाच्या फांद्या तोडताना तो चटकन हाती येई.

चंची, म्हणजे अनेक कप्प्यांची, घडी घालून दोरीने गुंडाळायची कापडी पिशवी, हे या साधनांतले सर्वांत विचारपूर्वक घडवलेले साधन मानावे लागते, कारण पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी आणि खैराच्या लाकडापासून काढलेला कात हे परस्परांत मिसळू नयेत अशी सोय तिच्यात होती. ज्या कातकरी समाजाचे नावच कात काढण्याच्या धंद्याशी जोडले जाते, त्याच्या श्रमाचे मोल या लहानशा कप्प्यात दडलेले असूनही इतिहासलेखनात त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही, ही खेदाची बाब आहे. विस्तवासाठी चकमक, म्हणजे गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी झेलणारा सावरीचा कापूस, जवळ बाळगली जाई.

नाणी कनवटीला, म्हणजे धोतराच्या कमरेवरील दुमडीत, खोचली जात. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाल्यानंतर प्रचारात आलेली तांब्याची शिवराई पेशवाईनंतरही व्यवहारात राहिली. पुढे काडेपेटीने चकमक आणि सदऱ्याच्या खिशाने कनवट मागे सारली. आकडीतला कोयता मात्र डोंगरवाड्यांत टिकून राहिला.