पाचोरा–सारंगखेडा–तोरणमाळ मार्ग

पाचोरा–सारंगखेडा–तोरणमाळ मार्ग : खानदेशातून सावकाश प्रवास करण्याजोगा एक रस्ता. जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याहून निघून भडगाव, पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, सारंगखेडा आणि शहादा या गावांवरून तो सातपुड्यातील तोरणमाळास पोहोचतो. एकूण अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. या नावाचा एकच सरकारी रस्ता नाही; निरनिराळ्या रस्त्यांचे तुकडे जोडून हा मार्ग होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून जाताना तो गिरणा, बोरी, पांझरा, तापी आणि गोमाई या नद्यांना भेटतो. घाई केली तर एका दिवसात संपतो. तसे करू नये. दोन गोष्टींसाठी तो हळूहळू पाहावा असा आहे : तापीकाठचा सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि सातपुड्यातील मोहाचे झाड.

घोडा आणि मद्य यांची जोडी म्हटली की जगातील प्रवाशांना अमेरिकेतील केंटकी आठवते. तेथे चुनखडीच्या खडकातून झिरपलेले पाणी कुरणांनाही मिळते आणि बर्बन गाळणाऱ्या भट्ट्यांनाही. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. केंटकी डर्बी ही शर्यत १८७५ पासून चालू आहे. तेथे घोड्यांची पैदास, मक्याची शेती आणि कारखाना हे सगळे एकाच टापूत सापडते. खानदेशात तसे नाही. येथे घोडा मुख्यतः बाहेरून येतो आणि बाजार संपला की निघून जातो. मोह जंगलातला आहे, त्याची दारू घरात गाळली जाते, पिंपात मुरवली जात नाही आणि परवान्याशिवाय ती गाळणे हा गुन्हा आहे. शिवाय दोन्हींचे ऋतू वेगळे. घोडे डिसेंबरात दिसतात, मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. एका फेरीत दोन्ही पदरात पडत नाहीत, म्हणून जाणकार माणूस हा रस्ता वर्षातून दोनदा करतो.

मार्गाचा आरंभ मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे. पाचोरा हे जंक्शन असून तेथून जामनेरपर्यंत ५६ किमी. लांबीची अरुंदमापी गाडी धावत असे. शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत शेतांच्या बांधाला लागून जाणाऱ्या त्या गाडीला लोक ‘पीजे’ म्हणत. २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळी ती थांबली आणि रुंदीकरणाच्या योजनेमुळे पुन्हा त्या रूपात सुरू झाली नाही. सावकाश प्रवासाची सवय या मुलखाला या गाडीने लावली होती, आणि तिच्या जाण्याची हळहळ आजही पाचोऱ्यात ऐकू येते.

पाचोऱ्याहून भडगावला गिरणा लागते. काळी जमीन, कपाशी, केळी आणि लिंबाच्या बागा असा हा पट्टा आहे. हिवाळ्यात शेतात भरिताचे बेत होतात. हिरवी-पांढरट मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, कांद्याची पात आणि मिरची घालून केलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी विशेषतः यावल तालुक्यातील बामणोदकडची; तरी भरिताचा हंगाम साऱ्या खानदेशाचा आहे.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला अठराव्या शतकातला. बांधकामाचे वर्ष १७२७ सांगितले जाते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या गावाचा संबंध असल्यामुळे राणी लक्ष्मीबाईंचे नाव येथे घरच्या माणसासारखे घेतले जाते. किल्ल्याभोवती आज बाजारपेठ दाटली आहे.

अमळनेर बोरी नदीच्या काठी वसले आहे. संत सखाराम महाराजांच्या संस्थानाचे हे गाव. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहही पाहत. १९३० मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. डिसेंबर १९४५ मध्ये येथेच वनस्पती तेलाची एक कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात १९५२ आणि २०२४ असे दोनदा भरले. एका तालुक्याच्या गावात इतके सारे घडले, म्हणून येथे एक मुक्काम जरूर करावा.

अमळनेरच्या पुढे पांझरेवरचे बेटावद आणि मग शिंदखेडा. येथे हा मार्ग जुन्या सुरत–बऱ्हाणपूर व्यापारी वाटेला छेदतो. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने या वाटेचे टप्पे नोंदवले आहेत. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही नावे त्याच्या विचित्र लेखनातूनही ओळखू येतात. सुरतेच्या बंदरातला माल बैलांच्या तांड्यांवर आणि गाड्यांवर लादून याच खोऱ्यातून बऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला जाई. शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे हे गाव एका अगदी वेगळ्या घटनेसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारातील क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना येथे लुटला. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांनी त्यात भाग घेतला होता.

दोंडाईचा हे पश्चिम रेल्वेच्या सुरत–भुसावळ मार्गावरील व्यापारी गाव. मिरचीचा हंगाम असेल तर नंदुरबार-दोंडाईचा भागात मोकळ्या जागेवर लाल मिरची वाळत घातलेली दिसते. तिला पथारी म्हणतात. वारा या बाजूचा असेल तर खोकला येतो, तरी गाडी थांबवून पाहावे असे ते दृश्य आहे.

सारंगखेडा हे शहादा तालुक्यातील तापीकाठचे गाव. जिल्हा नंदुरबार (१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला). येथे एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. दत्ताच्या मूर्ती बहुधा त्रिमुखी असतात, त्यामुळे भाविकांना या स्थानाचे अप्रूप आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा सुरू होते. नवस फेडण्यासाठी तुला करतात, लोकनाट्याचे तंबू पडतात, शेतीची अवजारे विकायला येतात आणि नदीजवळच्या मोकळ्या मैदानात घोडेबाजार भरतो. ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगतात.

बाजारासाठी घोडे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा प्रांतांतून ट्रकने येतात. मारवाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळून टोकाला एकमेकांना टेकतात; काठेवाडी घोडा त्याचाच नातलग, चेहऱ्याने किंचित खोलगट. पंजाबकडचा पांढराशुभ्र नुकरा वरातीसाठी मागितला जातो. रंगांची नावे फारसी-हिंदुस्थानी वळणाची आहेत. काळा तो मुश्की, तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा तो कुमाईत, मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा तो अबलख. चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर तो पंचकल्याणी.

गिऱ्हाईक आधी दात पाहते, कारण वय दातांवरून कळते. मग खूर, मग गुडघे. त्यानंतर भोवरे शोधले जातात. गळ्यावरचा देवमण हा भोवरा शुभ मानतात आणि त्याने किंमत चढते. डोळ्याखालचा भोवरा अशुभ समजतात आणि चांगल्या जनावराचीही किंमत उतरते. या समजुतींना आधार नाही, पण सौद्यात त्यांचे वजन मोठे आहे, हे नोंदवल्याशिवाय बाजाराचे वर्णन पुरे होत नाही. शेवटी घोडा चालवून पाहतात. मारवाडीची रेवाल चाल खरी असेल तर स्वार खोगिरावर जवळजवळ हलत नाही. वर्तमानपत्रांत दरवर्षी एखाद्या घोड्याची किंमत कोटीत छापून येते. ती मागितलेली किंमत असते, ठरलेला सौदा बहुधा पुष्कळ खाली होतो. बाजाराचा खरा कणा म्हणजे वरातीसाठी, टांग्यासाठी आणि हौसेखातर घेतलेली साधी जनावरे.

२०१० नंतरच्या दशकात यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली. तंबूंची वसाहत, घोड्यांच्या स्पर्धा, नाचऱ्या घोड्यांचे खेळ असे त्याचे स्वरूप आहे. गर्दी वाढली, गावाचे नाव दूरवर गेले. ढोलाच्या ठेक्यावर मागच्या दोन पायांवर उभा केलेला घोडा मात्र सुखाने नाचत नाही, हे त्याच्या डोळ्यांत दिसते. बाजार पाहायचा तर पहाटे जावे. तेव्हा तोबऱ्यातला हरभरा खाल्ला जात असतो, खरारा फिरत असतो, धूर आणि लिदीचा वास मिसळलेला असतो, आणि व्यापारी मोकळेपणाने बोलतात.

हा बाजार याच गावी का भरू लागला, याचे उत्तर भूगोलात शोधावे लागते. तापी पूर्व-पश्चिम वाहते आणि उत्तरेला सातपुडा आडवा आहे. माळवा-गुजरातकडून दख्खनकडे जाणाऱ्या जनावरांना नदी कोठेतरी ओलांडावीच लागे. नदीचा उतार, देवस्थान आणि सुगीनंतरचा मोकळा काळ हे तिन्ही जेथे जुळले तेथे बाजार रुजला, असे मानण्यास जागा आहे. आज येथे नदीवर पूल आणि बंधारा आहे. थोड्या अंतरावर पश्चिमेला तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे हे तीर्थ असून १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात तेथे ताम्रपाषाणकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. नदीकाठचा राबता किती जुना आहे, हे त्यावरून समजते.

शहाद्यापासून दुसरा मुलूख सुरू होतो. सखल भागात ऊस, केळी, पपई. उत्तरेला डोंगरात भिल्ल आणि पावरा आदिवासींचे पाडे. मोहाचे झाड फेब्रुवारीच्या सुमारास पाने गाळते आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस धरते. फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात आणि पहाटे मांसल, पिवळट पाकळ्यांची नळकांडी टपटप खाली पडतात. बायका-मुले टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वी झाडाखाली हजर असतात. कोणते झाड कोणत्या घराचे, हे वहिवाटीने ठरलेले असते. वाळवल्यावर फुले मनुकांसारखी तपकिरी होतात. ती भाजून खातात, पिठात मिसळून भाकरीत घालतात, जनावरांना देतात. दुष्काळात त्यांवर माणसे जगली आहेत. बियांचे तेल निघते. दारू हा या झाडाच्या अनेक उपयोगांतला एक. फुले काही दिवस पाण्यात आंबवून मडक्यात उकळतात, वाफ वरच्या थंड भांड्याला लागून थेंब-थेंब उतरते, आणि पहिल्या धारेची सर्वांत कडक असते. जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी यांत आधी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडतात. सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगरा माता, म्हणजे याहामोगी, हिच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतही मोहाची दारू वाहतात.

सरकारने या झाडाकडे महसुलाच्या नजरेने पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप बंद करून मक्तेदाराच्या दुकानाची वाट दाखवली आणि आदिवासी कर्जात बुडाला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही गाळप बेकायदा ठरवले. फुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठवले. दारू गाळण्याला त्याने मोकळीक मिळाली नाही. प्रवाशाने पाड्यावर जाऊन बाटली मागू नये. कायदा आहेच, आणि त्याहून मोठे कारण या मुलखाच्या स्वतःच्या इतिहासात आहे.

दारू सोडण्याची हाक येथे बाहेरच्यांनी दिलेली नाही. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि लगतच्या खानदेशात देवीची चळवळ पसरली. देवी अंगात येऊन दारू-मांस सोडायला सांगते, अशी श्रद्धा होती. तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० नंतर हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली, आणि सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणावे असे सांगितले. १९३८ मध्ये ते वारल्यावर भाऊ रामदास महाराजांनी ते काम पुढे नेले. शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी १९७० नंतर गेलेल्या जमिनी आणि मजुरी यांसाठी लढा उभारला. त्यातल्या आदिवासी स्त्रिया १९७२-७३ च्या सुमारास गावोगाव दारूची मडकी फोडत निघाल्या. मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी जाब विचारला. संघटनेच्या पुरुषांनाही हे अनपेक्षित होते. मोहाचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक प्रवासवर्णनात या बायकांची नोंद असली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटते. मोहाला पूज्य मानणारे आणि दारूची मडकी फोडणारे हात एकाच समाजाचे आहेत. झाडाचे दोन्ही अर्थ त्यांनीच जगून पाहिले आहेत.

शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किमी. म्हसावद सोडल्यावर चढ लागतो आणि सात पायरी घाटाची वळणे सुरू होतात. माथ्याची उंची सुमारे १,१५० मीटर. यशवंत तलाव, सीताखाई आणि खडकी पॉइंट ही तेथली ठिकाणे. गोरखनाथाच्या मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते. तेव्हा वाहन अगदी बेताने चालवावे.

परतताना त्याच वाटेने येण्याची गरज नाही. शहाद्याहून पूर्वेकडे जाणारा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर आणि चोपडा घेतो. चोपड्याहून दक्षिणेला तापी ओलांडून जळगावमार्गे पाचोरा गाठता येतो. शिरपूर तालुक्यातच तापीकाठी थाळनेर आहे. तेथे फारुकी सुलतानांची आरंभीची राजधानी होती, आणि त्यांच्या जुन्या कबरी अद्याप उभ्या आहेत.