ट्रेडमिलवरील आकड्याची कुळकथा

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली या गावांत मागच्या पिढ्यांनी तालमीच्या तांबड्या मातीत उतरून जोर आणि बैठका मोजल्या; त्याच गावांत आता विजेवर सरकणारे पट्टे आले असून, त्यांवर अर्धा तास चाललेला तरुण समोरच्या पडद्यावर उमटलेला कॅलरींचा आकडा पाहून आपल्या देहाने नेमकी तेवढीच ऊर्जा खर्च केली असे निःशंकपणे मानतो. जोर-बैठकांची गणती ही प्रत्यक्ष घडलेल्या क्रियेची गणती होती. पडद्यावरचा आकडा मात्र मोजलेला नसतो, तो अदमास असतो, आणि हा अदमास कोणी, कोणासाठी व कशाच्या आधारे बांधला याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

श्वसन आणि ज्वलन यांचे नाते प्रथम हिशेबात मांडले ते लाव्हॉझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी. १७८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवला आणि वितळलेल्या बर्फावरून त्या प्राण्याच्या देहाची उष्णता काढली. ट्रेडमिलचे कुळ मात्र तुरुंगातले आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना कष्टाला जुंपण्यासाठी पायऱ्यांचे एक अवाढव्य चक्र योजले, आणि १८५० च्या दशकात एडवर्ड स्मिथ या वैद्याने लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातील अशाच चक्रावर श्रम करताना माणूस किती कर्बवायू बाहेर टाकतो याची मोजदाद केली. श्रम करणाऱ्या कैद्याला किती अन्न लागेल, हा त्या काळचा सरकारी प्रश्न होता. व्यायाम करणाऱ्याचे वजन किती उतरेल, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

या वंशावळीतला सर्वांत आदरणीय पुरुष मला ॲटवॉटर वाटतो. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात १८९० च्या दशकात त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ रोझा यांच्या साहाय्याने सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक बंदिस्त कोठडी उभारली, तीत माणसाला दिवसचे दिवस ठेवले, त्याने खाल्लेला घास, टाकलेला श्वास, मल, मूत्र आणि भिंतींतल्या नळ्यांमधून वाहणाऱ्या पाण्याने शोषलेली उष्णता या सर्वांचा जमाखर्च लिहिला, आणि काही प्रयोगांत त्याला जागच्या जागी फिरणारी सायकल चालवावयास लावून श्रमाचीही किंमत काढली. त्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू शेकडा एकाच्या आत जुळल्या. श्रमांची ऊर्जा खऱ्या अर्थाने मोजणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर त्या कोठडीकडे पाहावे. त्या एका आकड्यासाठी केवढी दक्षता लागली हे ध्यानात आले की पडद्यावरच्या आकड्याविषयीची अपेक्षा आपोआप बदलते.

कोठडी तर गावोगाव नेता येत नाही, सबब सूत्रे आली. प्रचलित सूत्रांपैकी एक विश्रांतीच्या अवस्थेत दर किलो वजनामागे दर मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो असे गृहीत धरते, त्यात चालण्याचा वेग आणि चढ यांची भर घालते, आणि त्या प्राणवायूवरून कॅलरी काढते. पंढरपूरहून परतणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत खामगावाहून शेगावापर्यंत लाखो माणसे पायी चालतात. त्यांतल्या साठ किलो वजनाच्या वारकऱ्याने ताशी ४.८ किलोमीटर वेग राखला, तर हे सूत्र तासाला सुमारे २०७ कॅलरी सांगेल. त्यांपैकी ६३ तो घरी स्वस्थ बसला असता तरी खर्च झाल्याच असत्या. पुष्कळ यंत्रे ही वजावट करीतच नाहीत. राजूर घाटासारख्या ठिकाणी शेकडा पाचाचा चढ धरला तर तोच आकडा ३३७ च्या घरात जातो. परंतु मूळ गृहीतच डळमळीत आहे: २००५ मध्ये ७६९ स्त्री-पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत विश्रांतीचा सरासरी प्राणवायू साडेतीन नव्हे, २.६ मिलिलिटर निघाला. यंत्राला वजन सांगितले नाही तर ते कोणा परक्याचे वजन गृहीत धरते, आणि दांडी धरून चालणाऱ्याचा भार हातांवर गेला हे तर त्याला कळतच नाही. मनगटी उपकरणांची स्थितीही समाधानकारक नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये तपासलेल्या सात उपकरणांपैकी ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत बरे निघालेले सरासरी २७ टक्क्यांनी, तर सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी चुकले.

श्रमांच्या ऊर्जेच्या अशा अदमासांवरून झालेल्या वादाचे एक गंभीर प्रकरण महाराष्ट्रातच घडले, आणि ते वजन घटविण्याचे नसून भुकेचे आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी दररोज २२५० कॅलरी ही गरज धरून दारिद्र्याची मोजणी केली. पुढे नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २४०० आणि नागरी भागासाठी २१०० असे दोन आकडे ठरविले. कपाशीच्या रानात राबणाऱ्या बुलढाण्याच्या शेतमजुराला शहरातल्या माणसाहून ३०० कॅलरी अधिक लागतात, हा शेवटी श्रमांच्या खर्चाचाच अदमास होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. वजन आणि काम तेच असतानाही एकाच माणसाची ऊर्जेची गरज आठवड्या-आठवड्याला पालटते, म्हणून सरासरीखाली आलेला प्रत्येक माणूस उपाशीच असतो असे म्हणता येणार नाही, हे त्यांचे प्रतिपादन. आणि या प्रतिपादनाने खरी उपासमार झाकली जाईल, हा दांडेकरांचा प्रतिवाद. मला सुखात्म्यांचे निरीक्षण ग्राह्य वाटते, त्यांचे अनुमान नव्हे: माणसामाणसांतला आणि एकाच माणसातला फरक मान्य करणे निराळे, आणि त्या फरकाच्या खालच्या टोकाला मजुराची गरज बांधून टाकणे निराळे, कारण तेथे चुकीचा भुर्दंड ज्याला पडतो त्याच्याजवळ सोसावयास काहीच उरलेले नसते. पुढे सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००९ च्या अहवालात दारिद्र्यरेषेची कॅलरीशी बांधलेली गाठ सोडली, आणि अन्नाबरोबर शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चही हिशेबात घेतला.